घरात तुला काय म्हणत्यात?

आमच्या थोरल्या चुलत्यांइतका संशयी माणूस अख्ख्या कोरेगाव तालुक्यात नाही, हे मी घरातला पहिला पदवीधर या नात्याने पुराव्यानिशी सांगतो. दारावर थाप पडली की आबा आधी खिडकीतून चपला बघतात. हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत, कारण भूत म्हणे दोनदाच हाक मारतं. पोस्टमन बिचारा तीनदा ओरडूनच सायकल स्टँडला लावतो. आणि अनोळखी नंबर दिसला, की अंगावरचा विंचू झटकावा तसा ते फोन कापतात.

त्यांची एकुलती मुलगी नोकरीसाठी स्पेनला गेली. तिथं शिकलेला पहिला शब्द तिनं फोनवर सांगितला, 'यामार'. आबा तो चिठोऱ्यावर लिहून माझ्याकडे आले. "बघ रं, चांगला हाय का." मी मोबाईलवर त्याचे इंग्रजी अर्थ काढून सांगितले : हाक मारणं, फोन करणं, दार वाजवणं, नाव असणं.

"एका शब्दाला चार धंदे? असल्याचा भरवसा न्हाई गड्या."

"आवं आबा, नाव इचारायलाबी त्योच. सवताला काय हाक मारतोस, असं इचारत्यात."

"सवताला कोण हाक मारतं? हाक दुसऱ्यानं मारायची असती."

पुढं तिचा नंबर बदलला. परका आकडा बघून आबांनी चार दिवस फोन कापला. लेकीचा आवाज नाही म्हणून काकूंना घास गिळवेना. शेवटी तिनं मला कळवलं, मी धावलो.

"आबा, नंबर तिचाच हाय."

"कुणी सांगितलं?"

"तिनंच."

"ती तीच कशावरनं? आता आवाजाचीबी नक्कल करत्यात."

तेवढ्यात फोन वाजला. तिसऱ्या रिंगला आबांनी उचलला आणि दरडावलं, "घरात तुला काय म्हणत्यात?"

पलीकडनं बारीक आवाज आला, "ठमी." आणि हुंदका.

काकूंनी फोन हिसकावून घेतला.

बाकी जगाला आजही तीन हाका लागतातच. पण परदेशी नंबर दिसला, की आबा पहिल्याच रिंगला उचलून, समोरचा बोलायच्या आत, "ठमे!" म्हणून ओरडतात. परवा कुठल्याशा भामट्यालाही ते ऐकावं लागलं. त्यानंच घाबरून फोन ठेवला. मी म्हणालो, "आबा, आधी कोण हाय ते तरी बघा."

आबांनी फोन धोतराला पुसला. "तिकडं तिला त्या नावानं हाक मारायला कोण हाय रं?"