मागच्या पानापासून

समोरच्या हमीदाच्या सुनेचा, नसरीनचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बिरडं सोलत बसले होते. मोड आलेल्या वालांनी दोन्ही हात बुळबुळीत झालेले, फोन कसाबसा मनगटाने कानाशी धरला. पनवेलच्या इस्पितळातून बोलत होती. "शालनमावशी, अम्मी..." एवढंच म्हणाली आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी म्हटलं, "बरं बाई." त्यात काय बरं होतं, देव जाणे! पण तोंडातून तेवढंच आलं. मग मी राहिलेलं बिरडं सोलून पुरं केलं. समोरच्या ओट्यावर हमीदाची निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती, एक पाय सुतळीने बांधलेला. पायरीखाली गल्लीतला कुत्रा उन्हात झोपला होता. त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. माझी नात ओवी आत चित्र रंगवत बसली होती. तिलाही कसं सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.

खालापुरात, कचेरीमागच्या आमच्या गल्लीत हमीदा आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन आलो. ती कर्जतकडची, उल्हास नदीच्या काठच्या गावातली. मी नोकरी केली तहसील कचेरीत, सगळा जन्म दाखल्यांवर शिक्के मारण्यात गेला. तिने घर सांभाळलं आणि दुपारी गल्लीतल्या मुसलमान पोरांना कुराणाचा सिपारा शिकवला. स्वभावाने आम्ही दोन टोकं. कागदावर जे असेल तेच खरं, असं मानणारी मी. आणि ती... तिला तुम्ही नुसता ढग दाखवलात तरी त्याचं नाव, गाव आणि सासर सांगून मोकळी व्हायची. "शालन, तू शिक्का मारल्याशिवाय जेवतेस तरी कशी गं?" असं गल्ली ओलांडून ओरडायची. मी रागवायचे. पण ती माहेरी गेली की मला चहा गोड लागायचा नाही, हेही खरं.

तिच्या मुलाचा रद्दीचा धंदा. आमच्या भागात डोंगराच्या कडेकडेने मुंबईकरांचे बंगले आणि फार्महाऊस झाले, त्यांची रद्दी टेंपो भरभरून येते. त्यात मुलांची चित्रांची पुस्तकं असतात, गुळगुळीत कागदाची, एकेक बघत राहावं अशी. हमीदा त्या ढिगात बसून पुस्तकं निवडायची. पण सगळी नाही, फक्त कुत्र्यांची. वाघ, राजकन्या, विमानं, सगळं परत रद्दीत. मी एकदा विचारलं, "कुत्रंच का गं?" तर म्हणाली, "घरात कुत्रं चालायचं नाय, नमाजाची जागा. आमच्या अम्मीकडंबी नाय चालायचं. कागदावरचं चालतं. कागदावरचं चाटत नाय." आणि हसली. त्या हसण्याच्या मागे काही होतं, ते मला फार उशिरा कळलं.

तर ही पुस्तकं घेऊन ती संध्याकाळी ओट्यावर बसायची आणि गल्लीतली झाडून सगळी बारकी पोरं तिच्याभोवती. शाळेत न जाणारी, नाक वाहणारी, अंगठा चोखणारी. दोन्ही हात पोरांच्या पाठीवर असत, त्यामुळे पान उलटायला हात मोकळा नसे. मग ती पानाच्या कोपऱ्यावर हळूच फुंकर मारायची. जुनी, कोपरे वळलेली पानं, ती फुंकरीने उचलली जायची आणि सावकाश पलीकडे पडायची. पान पडेपर्यंत कोणी बोलायचं नाही. आमच्या ओट्यावरून मला वाटायचं, अख्खी गल्लीच तेवढा वेळ श्वास धरून बसली आहे.

ओवी चार वर्षांची असताना टोल्याने तिला पाडलं. टोल्या म्हणजे तोच गल्लीतला कुत्रा. टोलनाक्याकडून एक दिवस चालत आला आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून बिस्किट घेतल्याशिवाय सोडेना, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. खेळायच्या नादात त्याने तिच्या अंगावर उडी घेतली, दात लागला, आणि मग इंजेक्शनं, रडारड, सगळं झालं. जखम भरली, पण पोर ओट्याची पायरी उतरेना. अंगणवाडी बंद, बाहेर जाणं बंद. माझा मुलगा मोहोपाड्याला कंपनीत, सून प्रणाली खोपोलीला बँकेत, दिवसभर ती आणि मी. मी काठी घेऊन टोल्याच्या मागे धावले, नगरपंचायतीत तक्रार करायची म्हणाले. हमीदा समोरून बघत होती. म्हणाली, "काठी ठेव आनि पोरीला माझ्याकडं दे."

मी ओवीला कडेवर घेऊन गल्ली ओलांडली. हमीदाने पुस्तक उघडलं, पोरीने किंचाळून डोळे मिटले. हमीदाने तिचा इवलासा तळहात धरला आणि चित्रातल्या कुत्र्याच्या तोंडावर ठेवला. "हा बघ, झाकला. आता तो कोनाला बघनार? तू सोडशील तवा सुटंल. आनि नकोच असंल तर पुस्तक मीट. मिटायचा हक्क तुझा." ओवीने पुस्तक धाडकन मिटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिटलं. मग कधीतरी बोटांच्या फटीतून एक कान बघितला. मग डोळा. मी रोज समोरून बघत होते आणि मनात म्हणत होते, या गतीने पोरीचं लग्न होईल तरी शेपूट दिसायची नाही!

ज्या पुस्तकाने ती बधली, ते बादशाचं पुस्तक. बादशा हे हमीदाने ठेवलेलं नाव. पुस्तकाचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण दोन्ही बाजूंची कव्हरं रद्दीत फाटून गेली होती आणि आत एकही अक्षर नव्हतं. नुसती चित्रं. पहिल्या चित्रात एक रिकामी गोधडी आणि तिच्याशेजारी लाल स्वेटर घातलेला एक उंच मुलगा. हमीदा सुरुवात करायची, "इथं कोन नाय. पोरगा वाट बघतोय." फुंकर. पान पडायचं. पुढच्या चित्रात गोधडीवर एक म्हातारा कुत्रा, तोंड पांढरं झालेलं. "आला! कुठून आला? ठाकुरवाडीच्या डोंगरातून चालत आला. दमलाय बघा." मग पानागणिक तो कुत्रा ताजातवाना होत जायचा. तोंडावरचा पांढरेपणा जायचा, मग तो धावायचा, चेंडू पकडायचा, चिखलात लोळायचा, आणि शेवटच्या पानावर एवढंसं पिल्लू होऊन टोपलीत बसलेला असायचा.

मी माझ्या ओट्यावरून हरकत घेतली. "हमीदा, कुत्रा लहान कसा होईल?"

"माया केल्यावर होतो."

"आणि तो मुलगा? तो पण पानापानाला बुटका होतोय. शेवटी रांगतोय."

"तो नाय तो. ते त्याचे धाकटे भाऊ."

"सगळ्यांना तोच लाल स्वेटर?"

"मग? थोरल्याचा धाकट्याला येत नाय काय? तुमच्याकडं नवा घेता वाटतं दरवेळी!"

परदेशी पुस्तक, त्यांचं काहीही असतं, असं म्हणून मी सोडून दिलं. आणि खरं सांगायचं तर, दिवेलागणीला तिच्या त्या संथ आवाजात बादशा डोंगरातून चालत यायचा, तेव्हा मलाही तो खरा वाटायचा. ओवी त्या टोपलीतल्या पिल्लाच्या नाकावर रोज हात ठेवायची. तिच्याआधी आणि तिच्यानंतर कितीतरी पोरांनी ठेवला. ते नाक झिजून पांढरं झालं होतं. आणि एका सकाळी काही न सांगता ओवी पायरी उतरली, टोल्यापुढे बिस्किट ठेवलं आणि पळत परत आली. हमीदाने समोरून नुसती मान हलवली. मी मात्र पदर डोळ्याला लावला.

ओवी दुसरीत गेली. तिच्या वाढदिवसाला प्रणालीने मोठ्या प्रेमाने एक बेत केला. जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून मोबाईलवर शोधाशोध केली आणि तेच पुस्तक कोरं करकरीत मागवलं. पार्सल आलं. पुढच्या कव्हरवर टोपलीतलं पिल्लू होतं. ओवीने पहिलं पान उघडलं, तर तिथे पिल्लू आणि रांगणारं बाळ. मग पिल्लू मोठं झालं, बाळही मोठं झालं, एकच बाळ, लाल स्वेटरातलं. मग कुत्र्याचं तोंड पांढरं झालं. आणि शेवटच्या पानावर रिकामी गोधडी, शेजारी बसलेला उंच मुलगा...

मग माझ्या लक्षात आलं. हमीदाचा हात सिपारा उघडणारा. अरबी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. कव्हर नाही, अक्षर नाही, तिने सवयीने ज्या बाजूने उघडलं ती मागची बाजू होती. ओवी पुस्तक तसंच हातात धरून गल्ली ओलांडून हमीदाकडे गेली आणि रडत ओरडली, "नानी, बादशा मेला! तू आम्हाला खोटं सांगितलंस!"

हमीदाने नवं पुस्तक घेतलं. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. मग पोरीला म्हणाली, "तुजं बरोबर हाय. तुज्या बाजूनं तो जातो. माज्या बाजूनं येतो. कुठून उघडायचं तो हक्क तुजा." ओवीने ऐकून घेतलं नाही. घरी येऊन फुगून बसली आणि त्यानंतर हमीदाच्या ओट्यावर गेली नाही.

त्या संध्याकाळी मी गेले. हमीदा खुर्चीत जुनं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?" तिने पानाच्या वळलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पैल्या दिवशी हात सवयीनं गेला. शेवटी ते बाळ रांगताना बघितलं तवा समजलं. पन पोरं हसत होती गं... परत नाय फिरवावंसं वाटलं." आणि मग, इतक्या वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट तिने सांगितली. माहेरी, नदीच्या बाजूच्या कुंपणाशी एक कुत्रा येऊन बसायचा. घरात नाही, कुंपणाबाहेर. ती आपल्या भाकरीतला तुकडा त्याला टाकायची. एक दिवस शाळेतून आली तर जागा रिकामी. अब्बांनी त्याला कोणाच्या तरी गाडीतून ठाकुरवाडीकडे सोडायला दिला होता. "वाईट नव्हते गं अब्बा. मी हाताला चाटून घ्यायची, घरात बोलनी बसायची. पन मी वाट लय बघितली, शालन. रोज सांजची आगगाडी गेली की कुंपनाशी जाऊन उभी राहायची." मी तिच्या हातावर हात ठेवला. शिक्का मारायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला ताप भरला, छातीत दुखायला लागलं, पनवेलला नेलं. गाडीत बसताना तिने आमच्या ओट्याकडे बघितलं. ओवी दारामागे उभी होती. बाहेर आली नाही. हमीदाने हात हलवला, कोणाला ते तिलाच ठाऊक. माझ्या मनाला ती गोष्ट लागून राहिली. आणि मग तो फोन.

संध्याकाळी प्रणालीने ओवीला जवळ घेऊन सांगितलं. ती "हं" म्हणाली. रडली नाही, काही विचारलं नाही. मयत निघाली तेव्हा गल्ली भरून माणसं होती, आम्ही बायका ओट्यांवर उभ्या होतो, ती पाठ करून आत बसली. पुढेही तेच. समोरच्या ओट्याकडे बघायचं टाळून शाळेत जायची. टोल्या तिच्या मागेमागे कोपऱ्यापर्यंत जायचा, ती त्याच्याशीही बोलत नव्हती. तिचं ते नवं पुस्तक तिने कपाटाच्या पार खाली, चादरींच्या तळाशी कोंबलेलं मला सापडलं. मी तसंच राहू दिलं. मला भीती वाटत होती, ही पोर आपल्या नानीला एका खोटेपणाच्या नावाखाली कायमची मिटून टाकते की काय... हक्क तिचा होता, पण माझा जीव तुटत होता.

आता महिना उलटून गेला. परवा उतरत्या उन्हात मी ओट्यावर तांदूळ निवडत होते आणि ओवी माझ्याशेजारी गृहपाठ करत होती. समोरून नसरीनची झोया आली. तीन वर्षांची, हमीदाची नात. छातीशी जुनं पुस्तक कवटाळलेलं, अंगावर ओवीचाच जुना, ढगळा फ्रॉक. टोल्याला वळसा घालून ती आमच्या पायरीशी आली आणि पुस्तक ओवीच्या वहीवर ठेवलं.

"दादी नाय," ती म्हणाली. "तू वाच."

ओवीने पुस्तकाकडे बघितलं. मी तांदळातून हात काढले नाहीत, वर बघितलं नाही. तिने पुस्तक हातात घेतलं, सरळ धरलं, आता तिला सरळ बाजू ठाऊक होती. पिल्लाचं झिजलेलं नाक असलेलं पान तिने अर्धं उघडलं. थांबली. मग झोयाच्या पाठीवर हात ठेवला, तिला जवळ ओढलं आणि पुस्तक पालथं केलं.

मागचं पान. रिकामी गोधडी. समोरच्या ओट्यावर निळी खुर्ची.

"इथं कोन नाय," ओवी म्हणाली. आमच्या घरात कोणी असं बोलत नाही. तो हमीदाचा आवाज होता, हमीदाची चाल होती.

झोया गोधडीकडे बघत राहिली. "मग?"

ओवीने वाकून पानाच्या कोपऱ्यावर हळूच फुंकर मारली.