टाचांवर चाललेल्या अकरा जणी

सगळा कारखाना त्यांना वहिनी म्हणायचा. बुटाला सोल चिकटवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. चौदा वर्षं उघड्या डब्यातल्या सोल्युशनमध्ये ब्रश बुडवायचा, सोलला फासायचा, की पुढचा बूट. वासाने डोकं भणभणायचं. "दोन दिवसांत नाक मरतं," असं नव्या बायकांना वहिनीच सांगायच्या.

एका संध्याकाळी त्या घरी पोचल्या, तर नवऱ्याने विचारलं, "एक चप्पल कुठे गं?" वाटेत ती कधी निसटली, त्यांना कळलंच नव्हतं. पायांना मुंग्या महिनाभर येत होत्या; वय झालं म्हणून त्यांनी कानाडोळा केला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना टाचांवर चालायला सांगितलं. चवडे उचललेच जाईनात. काम काय करता ते ऐकून बाई म्हणाल्या, "सोल्युशन पातळ करायला जे द्रावण घालतात, त्याच्या वाफेने नसा दुबळ्या होतात. त्यापासून लांब राहिलात तर बऱ्याचशा सुधारतील, पण वेळ लागेल."

दुसरी कोणी असती तर गुपचूप घरी बसली असती. वहिनींच्या मनातून मात्र शेजारच्या बाकावरची धाकटी जाईना. हल्ली तिच्या हातून ब्रश पडायचा आणि सगळ्या तिला धांदरट म्हणून हसायच्या. वहिनीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सोबतच्या दहा जणींना आवारात उभं केलं आणि मालकांना बोलावलं.

"काय, शर्यत लावलीय का?" मालक हसले.

"भिंतीपर्यंत टाचांवर चालायचं. तुम्हीही चला."

मालक तुरूतुरू जाऊन भिंतीला टेकले. अकरा बायकांपैकी सहा जणींचे चवडे चार पावलांतच जमिनीला लागले; धाकटी तर पडता पडता वाचली. मालकांचं हसू मावळलं.

"आम्ही धांदरट नाही," वहिनी म्हणाल्या. "डबे झाका, वाफ ओढणारे पंखे बसवा. तोवर ब्रशला हात लागणार नाही."

एकोणीस दिवस ब्रश वाळत पडले. मालकांनी आधी दमात घेतलं, मग गोडीगुलाबीने घेतलं. एकही बाई फुटली नाही. विसाव्या दिवशी सुतार आणि वायरमन आले, डब्यांना झाकणं बसली, प्रत्येक बाकाला पंखा लागला. पुढे पाण्यात कालवलेलं सोल्युशनही आलं.

वहिनींचा डावा पाय अजून जड आहे. त्या आता तयार बूट तपासतात. धाकटी वर्षभरात सावरली. नवरा भेटेल त्याला सांगतो, "आमच्या हिने मालकाला टाचांवर चालवलं." वहिनी त्याला गप्प बसायला सांगतात, पण त्याचं सगळं सांगून होईपर्यंत थांबतात.