बोला, लाइन चालू आहे

सुनंदाबाईंचा आवाज कानी पडला की बंगळूरच्या बनशंकरीतली माणसं अजून आपोआप ताठ बसतात. ट्रंककॉलच्या जमान्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची नोकरी झाली. त्या निवृत्त झाल्या, सूर काही झाला नाही. भाजीवाल्याला कानडी वळणाने नुसतं "स्वल्प थांबा" म्हणाल्या, तरी हुबळीचा फोन लागेपर्यंत तो हातात कोथिंबीर धरून उभा राहील असं वाटतं.

नवरा, पद्मनाभ, पार्किन्सनने गेला. आधी हात, मग चाल, मग आवाज, असा घरातला एकेक दिवा मालवावा तसा. त्यानंतर त्या तसल्याच आजाराच्या माणसांजवळ जाऊन बसू लागल्या. औषध नाही, प्रवचन नाही. तिथे करता काय, असं कुणी विचारलं तर म्हणत, "लाइन धरून ठेवते."

यंदा दामोदरअण्णांची पाळी. शिवाजीनगरात अण्णांचं शिंप्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाची ढेरी मापता मापता त्याची टर उडवायची आणि वर त्यालाच हसवायचं, असा गडी. आता ते खिडकीशी खुर्चीत असत. चेहरा गुळगुळीत, पापणीसुद्धा क्वचित हलायची. आजाराने चेहऱ्याचे स्नायू आखडले होते, एवढंच. पण शेजारच्या वेणुगोपालांनी एकदा ते पाहिलं आणि डोळे मिटून, मान डोलावून जाहीर केलं, "काय तेज आहे हो. साक्षात मुनी बसलाय." झालं. अण्णांना समाधी लागते, हे गल्लीभर झालं. परीक्षेला निघालेली पोरं पाया पडून जाऊ लागली. कुणी पावलांशी मोगरा ठेवी.

अण्णांची सून आसावरी पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. एका कानात मीटिंग, दुसऱ्या कानात घर. तिनेही सुनंदाबाईंना हेच सांगितलं, "काकू, ॲक्चुअली ना, बाबा खूप पीसफुल झालेत. स्ट्रेस आम्हालाच, ते एकदम झेन." आणि बोलता बोलता तिने अण्णांची शाल इतक्या मायेने सारखी केली की सुनंदाबाईंना तिला काही म्हणवेना.

पण त्यांना एक गोष्ट दिसली होती. कुणी पाया पडायला वाकलं की अण्णांची पावलं खुर्चीखाली सरकू बघत. थोडीशीच. शिवायला आणलेल्या कापडाचा पोत बघावा तशी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहत, आणि पावलं पळू बघत.

त्या दुपारी त्यांनी खुर्ची अगदी जवळ ओढली. "अण्णा, बोला. लाइन चालू आहे."

अण्णांची बोटं तेवढी फिरत राहिली. पूर्वीच्या तारांवर असंच व्हायचं. गावाकडचा माणूस बोलण्याआधी नुसती घरघर यायची, शंख कानाला लावल्यासारखी. सुनंदाबाई ती घरघर पुन्हा ऐकू लागल्या. खिडकीतली पेंगुळलेली ऊन-सावली अण्णांच्या गुडघ्यावर चढली. तारा माळावरून, ज्वारीतून, तळ्यांवरून चालल्या होत्या, वारा त्यांच्यावर झुलत होता, आणि फार लांब कुणीतरी फोनकडे चालत येत होतं. अनवाणी. घाई नव्हती.

आसावरी कॉफी घेऊन आली. "बाबांना ना, आता—" सुनंदाबाईंनी एक बोट वर केलं. ती तिथेच थांबली, पेला हातात घेऊन. कानातला हेडफोन तिने हळूच काढला.

मग सुईत न जाणाऱ्या दोऱ्यासारखा आवाज आला. "अक्का. मी शांत नाही."

"हं."

"भीती वाटते." पुन्हा माळ, पुन्हा वारा. "देवाशी भांडायचंय. तर हे... मलाच देव करून बसले."

आसावरी खाली जमिनीवर बसली. सुनंदाबाई देवाची बाजू घ्यायला गेल्या नाहीत, की सगळं ठीक होईल असंही म्हणाल्या नाहीत. ठीक होणार नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. त्यांनी अण्णांची खुर्ची देव्हाऱ्याकडे वळवली. "भांडा मग. लागला फोन."

अण्णांचे ओठ हलू लागले. सुनंदाबाईंनी मान खिडकीकडे फिरवली. एक्स्चेंजचा नियमच होता, फोन जोडून दिला की आपण कान काढून घ्यायचा. एक हात मात्र त्यांनी अण्णांच्या हातावर ठेवला होता. तिथली थरथर कधी वाढे, कधी मंदावे. भांडण रंगात आलं होतं म्हणायचं. बऱ्याच वेळाने ती थरथर जराशी सैल झाली.

संध्याकाळी वेणुगोपाल मोगरा घेऊन आले आणि वाकले. आसावरीने त्यांना दंडाला धरून उभं केलं. "काका, पाया नका पडू. बसा, बोला त्यांच्याशी. फक्त उत्तर यायला वेळ लागतो."

वेणुगोपाल अवघडून बसले. तब्येतीची चौकशी केली. उत्तर येईना. ते उठू लागले, तशा सुनंदाबाई म्हणाल्या, "स्वल्प थांबा."

ते थांबले. मोगरा हातात कोमेजू लागला. शेवटी अण्णांची नजर त्यांच्या खांद्यावर येऊन टेकली.

"शर्ट कुणी शिवला?" अण्णा म्हणाले. आणि वेणुगोपाल सांगायला तोंड उघडणार, तोच पुढचं आलं, "खांदे... बघ. दोन गावचे दोन."

अण्णांच्या चेहऱ्यावर तेच तेज, तीच समाधी. आसावरी इतकी हसली की तिला डोळे पुसायला नसलेला पदर शोधावा लागला.