झाडांसाठीची तंबाखू

दिल्लीत, आर. के. पुरमच्या तळमजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमागे विलासरावांचा वालाचा वेल होता. बी अलिबागचं, त्यांच्या आईनं दिलेलं, आणि आता एवढा एकच वेल उरलेला. दसऱ्याच्या आधी विलासराव तोंडाच्या कॅन्सरनं गेले. होळीनंतर क्वार्टर सोडायचं आणि त्यांच्या बायकोनं, कुमुदनं, लेकीकडे गाझियाबादला राहायचं, असं ठरलं. तोवर शेंगा वाळून बी हाती लागलं तर लागलं, नाहीतर संपलंच.

आणि नेमका जानेवारीत वेलावर मावा पडला. कोवळे शेंडे किडीनं काळे झाले. कुमुदनं पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. नवरा गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. चहा उतू गेला तरी नुसती बघत उभी राहायची.

"बाजारातून औषध आण ना, एकदम खल्लास," उत्तरा, तिची लेक, फोनवर म्हणाली.

पण विलासरावांनी विकतचं औषध कधी मारलं नव्हतं. त्यांचं औषध म्हणजे तंबाखूचं पाणी. त्या नावाखाली घरात पुड्या यायच्या. "अगं, झाडांसाठी आहे," म्हणायचे, आणि गाल फुगलेला असायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत. कुमुदचा त्या पाण्यावर काडीचा विश्वास नव्हता. औषध कसलं, खायचं निमित्त नुसतं.

मीटरच्या पेटीमागे एक पुडी सापडलीच. नाकाला पदर बांधून तिनं अर्धी तंबाखू रात्रभर भिजवली, गाळली, त्यात रिठ्याचं पाणी घातलं आणि ऊन उतरल्यावर ते पाणी पानांच्या खालच्या अंगानं फवारलं. फवारलेल्या शेंगा खायच्या नाहीत, बियाण्यालाच ठेवायच्या, हे ते दर वर्षी बजावायचे. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

दोन दिवसांनी मावा वाळून गळायला लागला. म्हणजे सगळंच खोटं नव्हतं तर. कुमुद बराच वेळ वेलापाशी उभी राहिली, मग भांडी घासायला गेली.

मार्चमध्ये ओंजळभर बी निघालं. सामान बांधताना उत्तराला बियांच्या पिशवीत ती उरलेली पुडी दिसली. तिचा चेहराच उतरला.

"आई, हे कशाला? ह्याच्यामुळेच तर बाबा... फेक ना."

"अगं, झाडांसाठी आहे," कुमुद म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि तिचे तिलाच ऐकू आले, अगदी त्यांच्या सुरात. ती तिथेच खोक्यावर बसली आणि ढसाढसा रडली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. वाजवेना का.