बागेसाठी कर्ज आणि नानांचा हात

परवा दुपारी आमच्या नगरपरिषदेची सभा होती. धुळ्याजवळचं आमचं छोटं गाव, मी पहिल्यांदाच निवडून आलेली नगरसेविका... आणि विषय माझ्याच वॉर्डातला.

नाल्याकाठच्या मोकळ्या जागेवर बागेचं आरक्षण आहे. गावात कडुनिंबाची मोठी झाडं उरलीत ती तेवढीच. मालकाने रीतसर नोटीस दिली होती, की जागा मुदतीत विकत घ्या, नाहीतर आरक्षण सुटेल. सुटलं की तिथे प्लॉट पडणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

तिजोरीत खडखडाट. म्हणून कर्ज काढून जागा घ्यावी आणि बाग करावी, असा ठराव मी मांडला. आर्किटेक्टकडून चित्रही काढून आणलं होतं... कारंजं, रंगीत दिवे, दगडी कमान. फीत कापतानाचा फोटोसुद्धा मी मनातल्या मनात काढून ठेवला होता.

विरोधात उभे राहिले ते नाना. सभागृहातले सगळ्यात जुने सदस्य. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, रिन काढीसन सन कोनी करस का?" कर्ज काढून सण करायला निघालेली बाई म्हणून अर्धं सभागृह हसलं आणि माझे कान तापले.

मतांची गोळाबेरीज आम्ही आधीच केली होती. नानांना सोडून दोन्ही बाजू सारख्या होत होत्या, सगळं नानांच्या एका हातावर येऊन अडकलं होतं. आणि मुदत संपायच्या आत दुसरी सभा लागणार नव्हती.

मी कागद घेऊन उठले. व्याज, हप्ते, घरपट्टीची वसुली, सगळं पाठ करून आले होते. नाना खिडकीबाहेर बघत होते. मग माझं डोकंच फिरलं... कागद टेबलावर आपटले आणि घरातली बोली तोंडात आली, "नाना, पुढला साले तुम्हनी पोर झोका कोठे बांधी?"

कुणीच हसलं नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि झोके बांधतात ते याच कडुनिंबांना. नानांची लेक आदल्याच दिवशी आली होती. मी भर सभेत तिला मध्ये ओढलं होतं... आता नाना उठून चालते होतील, असं वाटलं.

नानांनी माझं ते चित्र पुढे ओढून घेतलं आणि म्हणाले, "जमीन ल्या. त्यानाकरता रिन काढा. पन कारंजं नको, दिवा नको, कमान नको. झाडे जशा शेतस तशा ऱ्हाऊ द्या."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन घेतलं आणि ठरावातला तेवढा भाग खोडला, झाडं आहेत तशी राहतील असं लिहिलं. खोटं कशाला बोलू, कमान खोडताना जिवावर आलं. मग नानांचा हात वर गेला.

ठराव मंजूर झाला. पेढे आले, पण मला खाववेना. आयुष्यात पहिल्यांदा कर्ज काढलं, तेही अख्ख्या गावाच्या नावावर... आणि ते फेडणार कोण, तर आज शाळेत जाणारी पोरं. त्यांना कुणी विचारलेलंच नाही. उद्या त्यांनी जाब विचारला, तर बोट दाखवायला सावली तरी असेल. ती नानांमुळे.