आत प्रार्थना चालू होती

रविवारची उपासना आटोपली आहे, मटणाचं जेवण अंगावर आलं आहे, आणि शांतवन ओहोळ गुरुजी पंखा लावून खाटेवर आडवे होतात. झोप आली म्हणावं, तर शेजारी कोणी बादली घासतंय ते ऐकू येतंय; नाही म्हणावं, तर हात उचलत नाही. आज त्यांनी ख्रिस्ती मंडळीच्या देवळात देशासाठी प्रार्थना केली. गुरुजींची प्रार्थना मिशन कंपाउंडात नावाजलेली. निम्म्यांना रडू येतं, उरलेल्यांना डुलकी. ‘हे प्रभू, या देशातली माणुसकी आटली आहे. त्यांनी सत्य पायदळी तुडवलं आहे. त्यांना क्षमा कर.’ उपासनेनंतर मंडळीतले पंच भास्करराव साळवे यांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. तेव्हापासून तो हात कुठे ठेवावा ते गुरुजींना कळत नाहीये.

“आज फार छान झाली म्हणे,” दीनाबाई म्हणतात. त्या पायथ्याशी बसून लसूण सोलतायत.

दीनाबाई गुरुजींच्या पत्नी. त्या वारल्यात, दफनविधी गुरुजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. पण लसणाची टरफलं धुतलेल्या चादरीवर पडतायत, आणि त्यावरून ओरडावं की रडावं हे त्यांना सुचत नाही.

“पोचली का तिकडे?” ते विचारतात.

“पोचली की. पण सारखं आपलं ‘त्यांनी, त्यांना’. कोण हो हे?”

“लोक. देश कुठे चाललाय, तू बघत नाहीस.”

“मी तर बघायचेच,” दीनाबाई हसतात.

हे मात्र खरं. या बाईनं जन्मभर उघड्या डोळ्यांनी प्रार्थना केली. पाळकसाहेबांनी समजावलं, नणंदांनी टोमणे मारले, गुरुजींनी तर बाकाखालून तिचा पाय दाबून पाहिला. तिचं एकच उत्तर, “पोरं पडतात, दूध उतू जातं. देव काय, समजून घेतो.” गुरुजींना चारचौघांत तिची लाज वाटायची.

त्या लसूण पदरात घेऊन उठतात आणि खाट देवळातला बाक होते. आज रविवार नाही, गेला बुधवार आहे. देशासाठी उपवास-प्रार्थना चालू आहे. सगळी मंडळी डोळे मिटून बसलीये, आणि बाहेर कोणीतरी ओरडतंय, “पोरं पळवणारा आहे! धरा!”

“मिटा डोळे,” दीनाबाई कानाशी सांगतात. “तुम्हाला चांगलं जमतं.”

गुरुजी मिटायला जातात. पापण्या हलतच नाहीत. खिडकीच्या गजांतून त्यांना पुन्हा सगळं दिसतं. मेहबूब शेगडीवाला. सायकलला पान्ह्यांची पिशवी लावून सगळ्या गावाच्या गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा मेहबूब. एका लेकराचा चेंडू सायकलखाली येतो, तो काढून देतो, खिशातली गोळीही देतो. एवढंच. मग कोणीतरी बोंब ठोकतं आणि माणसं काठ्या घेऊन धावतात. मेहबूब सुटून देवळाकडे पळत येतो. दार बडवतो. “गुरुजी! ओ गुरुजी!”

त्यानं देवाचं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. तो गुरुजींना हाक मारतोय.

दार तेच राहतं, पण आता ते घराचं आहे. उंबऱ्यात मेहबूबची बायको हमीदा उभी आहे, हातात सिव्हिल हॉस्पिटलात मेहबूबला न्यायचा डबा. काल ती खरोखरच आली होती.

“पोलीस म्हनत्यात, त्यानंच पोर उचललं,” हमीदा म्हणते. “कुनी पाहिलं असंल तर सांगा ना, गुरुजी. एक मानूस बोललं तरी सुटंल.”

आणि गुरुजींच्या तोंडून कालचंच वाक्य बाहेर येतं, अगदी तसंच मऊ, तसंच स्वच्छ. “ताई, आम्ही प्रार्थनेत होतो. डोळे मिटलेले होते.”

दीनाबाई खाली मान घालून लसणाची एक पाकळी सोलतात. गुरुजींना वाटतं, हिनं शिव्या द्याव्यात, ताट आपटावं. मेलेल्या बायकोसमोर मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना कळतं.

“आपली इथे चार घरं, दीना,” ते सांगू लागतात. “उद्या आपल्यावर आले असते तर? मी मंडळीचा विचार—”

“चहा घेणार का, मेहबूबभाई?” दीनाबाई त्यांच्या खांद्यावरून विचारतात.

स्वयंपाकघरात मेहबूब फरशीवर मांडी घालून बसलाय. पुढ्यात शेगडी उलटी. डोक्यातून रक्त ओघळून बर्नरवर टपकतंय, तो बाहीनं पुसतो आणि पुन्हा पान्हा फिरवतो.

“गुरुजी, जरा हे धरा.”

गुरुजी धरतात.

“आत लई मोठ्यानं गानं चालू व्हतं,” मेहबूब मान वर न करता म्हणतो. “म्या म्हनलं, ऐकू आलं नसंल. न्हाईतर गुरुजींनी उघडलं असतं.”

तो दोष देत नाहीये. तो गुरुजींना सोडवतोय, आणि तेच गुरुजींना सहन होत नाही.

“ऐकू आलं होतं,” ते म्हणतात. “कडी मीच लावली. गाणंही मीच काढलं, तुझा आवाज येऊ नये म्हणून.”

एकदाचं बोलून झालं म्हणून ते आशेनं बायकोकडे बघतात.

“हे मला काय सांगताय?” दीनाबाई म्हणतात. “मी मेलेली बाई. माझी साक्ष कोण लिहून घेणार? आधी काहीतरी फडकं आणा, केवढं रक्त चाललंय.”

फडकं सापडत नाही. कपाटं उघडी, कपाटांत नुसती गाण्यांची पुस्तकं. गुरुजी हाताला लागेल ते ओढतात, दातांत धरून टर्रकन फाडतात, गुंडाळू लागतात, आणि मेहबूबचं डोकं कुठे गेलं ते कळत नाही.

पंखा बंद पडलाय. वीज गेलीये. बाहेर उन्हं उतरलीयेत आणि गुरुजी घामानं निथळत खाटेवर बसलेत. चादर एका कडेनं फाटलीये, सरळ, बोटभर रुंद. ती पट्टी त्यांच्या उजव्या हाताला करकचून गुंडाळलेली आहे. गाठ सुटता सुटत नाही. ते तिचा नाद सोडतात, सदरा चढवतात आणि चपला पायात सरकवून निघतात.

फाटकाशी भास्करराव खुर्ची टाकून बसलेत. “गुरुजी, पोलीस स्टेशनच्या रस्त्याला कुठे? आणि हाताला काय लागलं?”

“मला नाही लागलं,” गुरुजी म्हणतात. “मेहबूबला लागलं. तो दार बडवत होता, आणि कडी मी लावली.”

भास्करराव चटकन उठतात, रस्त्याकडे दोन्ही बाजूंना बघून घेतात. “हळू बोला हो, गुरुजी. कोणी ऐकेल.”

गुरुजी तेच पुन्हा सांगतात, जरा मोठ्यानं.