भेंडीचा गूळ

गुऱ्हाळावरचे किस्से मळीसारखे असतात. उकळत्या रसावरून झाऱ्याने काढून टाकले, तरी घटकाभरात पुन्हा वर येतात. रसाच्या मोठ्या कढईवर, काहिलीवर, वाफ धरली की समोरची माणसं ढगात बसल्यासारखी दिसतात. ढगातली माणसं मोकळं बोलतात.

आमचं गुऱ्हाळ अंकुशनगरच्या अलीकडे आहे. मी चौथी शिकलो, पण पाक कसा ओळखायचा हे मला कोणी सांगू नये. रसाची मळी आम्ही भेंडीची खोडं ठेचून, त्यांच्या चिकाने काढतो. रंग उजळायची रसायनाची पावडर टाकली की गूळ पिवळाधमक होतो. आमच्याकडे पावडर नाही. हा माझा शब्द आहे.

एकदा जालन्याचा व्यापारी आला. "काका, गिऱ्हाइकाला सोन्यासारखा गूळ लागतो."

रहीमभाई आमच्या चुलीत चिपाडं सारतात. मान न वळवता म्हणाले, "मंग सोनाराकडं जा ना. इथं काय करून राह्यला?"

गावातले गुरुजी रस प्यायला येतात. एकदा म्हणाले, "पावडर प्रमाणात असली तर काही होत न्हाई."

"प्रमाण कोण मोजतं?" मी विचारलं.

"लॅब असते."

"इकडं लॅब म्हंजे मूठ," रहीमभाई म्हणाले. "ज्याची जेवढी मोठी."

गुरुजी हसले. मग मला म्हणाले, "तुमच्या भेंडीचं तरी माप कुठंय?"

मी झारा हलवत राहिलो. गुरुजींचं खोटं नव्हतं.

एक बाई मोटारीतून आल्या. "यात केमिकल नाही ना?"

"रसात चुना टाकतो," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? बाईंनी गुळासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

रहीमभाईंनी तोंडातलं पान गालात सरकवलं. "बाई, मी तर चुना रोज खाऊन राह्यलो."

मला साखरेचा आजार आहे. डॉक्टरने गोड बंद केल्यापासून मी गूळ चाखलेला नाही. पाक बोटाला कळतो, काम अडत नाही. पण गेल्या काही वर्षांत डोळ्यांवर मोतीबिंदू चढला. सगळं गुऱ्हाळ काकवीत बुडाल्यासारखं दिसायचं. यंदा ऑपरेशन झालं. तेवढे दिवस माझा मुलगा भागवत एकटाच गूळ काढत होता.

पट्टी निघाल्यावर सकाळी गुऱ्हाळावर आलो. वाफ पांढरीशुभ्र होती. रहीमभाईंची दाढीही. ताजी ढेप पाहिली. ती पिवळसर होती.

"भागवत, पावडर किती टाकली?"

"न्हाई टाकली, आबा."

"मला दिसून राह्यलंय."

"दादा, गूळ तोच हाय," रहीमभाई म्हणाले. "डोळे नवे आलेत."

भागवतने ढेपेचा कोपरा फोडला आणि खडा माझ्यापुढे धरला.

पावडरीचा गूळ जिभेला खारट लागतो. मी खडा तोंडात टाकला. रहीमभाईंच्या हातातलं चिपाड तसंच राहिलं. मी खारटपणाची वाट पाहत होतो. आधी गोडी आली. मग धूर आला. मग भेंडीचा हिरवा वास, आणि वाफेत माझा बाप झारा घेऊन उभा राहिल्यासारखा वाटला. खारटपणा आलाच नाही.

भागवत माझ्या तोंडाकडे बघत होता.

"भेंडी जरा कमी पडली," मी म्हणालो.

"बरं आबा," तो म्हणाला, आणि खोडं ठेचायला बसला.